शिवण कुणाची?

मे २०२५ मध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर, आमच्या घरासमोर लॉरीतून एक यंत्र उतरलं. लोखंडी पायांचं मेज, त्यावर काळपट हिरव्या रंगाचं धूड आणि खाली मोटार. उतरवायला तीन माणसं लागली. शेजारचे काका कुंपणापाशी येऊन उभे राहिले. "शिवणाचं दुकान घालतोस काय रे?" मी म्हटलं, "नाही काका, कातडं शिवायचं यंत्र आहे. हौस म्हणून घेतलंय." काका क्षणभर गप्प राहिले आणि मग हसून म्हणाले, "म्हणजे सरकारी नोकरी सांभाळून आता चांभारकी!"

मीही हसलो. काका मनाने वाईट नाहीत. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ते हसणं मला टोचत राहिलं, काकांचं नव्हे, माझं स्वतःचं. आमच्या कचेरीत कुणी नको तितकी विचारपूस केली की आम्ही पटकन म्हणतो, "कशाला हव्यात तुला या चांभारचौकशा?" वीस वर्षांच्या नोकरीत हा शब्द मी किती वेळा उच्चारला असेन, त्याची मोजदाद नाही. त्यात एका समाजाचं नाव आहे, हे त्या रात्रीपर्यंत माझ्या कानाला जाणवलंसुद्धा नव्हतं. हा लेख म्हणजे त्या हसण्याचा हिशेब आहे असं समजा. त्यासाठी थोडं हुबळीला जावं लागेल आणि थोडं इतिहासात.

माझी हौस सुरू झाली २०२० च्या टाळेबंदीत. आधी चष्म्याचं घर केलं, मग पाकीट, मग खांद्याला लावायची पिशवी. हाताने कातडं शिवताना एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात. आरीने भोक पाडायचं आणि त्याच भोकातून एक सुई इकडून, दुसरी तिकडून ओढून घ्यायची. या शिवणीचा गुण असा, की एक टाका तुटला तरी दोऱ्याची दुसरी बाजू धरून राहते. अवगुण एकच, वेळ. वीतभर शिवणीला माझा अर्धा तास जातो. म्हणून एकदा आईच्या जुन्या पायमशीनवर कातडं घालून पाहिलं. सुई तुटली, यंत्राचं वेळापत्रक बिघडलं आणि आईची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

फोंड्याच्या बसस्टँडजवळ एक अण्णा बसतात. धारवाडकडचे. पंचवीस वर्षं गोव्यात आहेत, कानडी, मराठी, कोकणी तिन्ही बोलतात. माझ्या चपला, छत्र्या, मुलीचं दप्तर, सगळं त्यांच्याच हातून दुरुस्त होतं. त्यांनी सांगितलं, "सायबा, कापडाची मशीन कातडं ओढत नाही. हुबळीला जा. तिथे जुन्या मोठ्या मशीन मिळतात."

हुबळीचं सरकारी नाव २०१४ पासून हुब्बळ्ळी झालं असलं तरी आम्हा गोवेकरांच्या तोंडी ती हुबळीच. आमची तिची ओळख जुनी. मुरगाव बंदरातून निघालेला लोहमार्ग १८८८ मध्ये घाट चढून कॅसलरॉकला पोचला आणि तिथे सदर्न मराठा रेल्वेला जुळला. तेव्हापासून घाटावरचा माल खाली आणि खालची माणसं वर अशी ये-जा चालूच आहे. मध्ये १९५५ पासून गोवामुक्तीपर्यंत ती खंडित झाली होती, तेवढाच अपवाद. मीही कुळ्याहून दूधसागरावरून, लोंढ्यामार्गे गेलो आणि ज्या स्थानकात उतरलो त्याचा फलाट १५०७ मीटर लांब, जगातला सर्वांत लांब म्हणून मार्च २०२३ मध्ये उद्घाटन झालेला. बाहेर पडेपर्यंत हौस अर्धी जिरली होती!

दुर्गदबैलच्या गर्दीतून विचारत विचारत एका जुन्या यंत्रांच्या गाळ्यापाशी पोचलो. तिथल्या कारागिराचं मराठी धारवाडी वळणाचं होतं, प्रत्येक वाक्याच्या शेवटी जरा हेल. माझ्या हातातली पिशवी त्याने उलटी करून आधी शिवण पाहिली, मग माझा चेहरा. "साहेब, हाताने शिवलंय की! मग मशीन कशाला?" मी वेळेचं कारण सांगितलं. मग त्याने मला बसवून तासभर जे शिकवलं, ते कुठल्या पुस्तकात मला इतकं सोपं करून मिळालं नव्हतं.

घरगुती मशीनमध्ये कापड पुढे सरकवायचं काम फक्त खालचे दाते करतात. दोन जाड कातडी एकावर एक ठेवली की खालचं सरकतं, वरचं मागे राहतं आणि शेवटी दोन्हींची टोकं जुळत नाहीत. कातड्याच्या यंत्रात दाते, वरचा पाय आणि खुद्द सुई, तिघंही एकदम पाऊल टाकतात. सुईचं टोकही वेगळं. कापडाची सुई धाग्यांमधून वाट काढते, कातड्याची सुई पात्यासारखी कापत जाते. टाके फार जवळ घातले तर पोस्टाच्या तिकिटांच्या ओळीसारखी भोकं पडतात आणि कातडं नेमकं तिथेच फाटतं. म्हणून इंचाला सहा ते आठ टाके पुष्कळ. वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकतात ती गाठ कातड्याच्या जाडीत मधोमध लपली पाहिजे. वर दिसली तर वरचा ताण जास्त, खाली दिसली तर कमी. आणि मोटार. जुन्या क्लच मोटारीला पाय लागला की यंत्र उधळलेल्या बैलासारखं पळतं. नवशिक्याने सर्वो मोटार बसवावी, ती गोगलगाईच्या चालीनेही चालते. शेवटी तो म्हणाला, "कापडाची शिवण उसवता येते साहेब. कातड्यात पडलेलं भोक कायमचं."

गाळ्याच्या कोपऱ्यात एक काळं, लांब सोंडेचं सिंगर यंत्र होतं. २९ के. बुटाच्या आत शिरेल अशी बारीक नळीसारखी सोंड, कुठल्याही दिशेला फिरणारा पाय, हाताने फिरवायचं चाक, विजेची गरज नाही. यातला 'के' म्हणजे किलबोवी. स्कॉटलंडमध्ये क्लाइडबँकजवळ सिंगरचा अजस्र कारखाना होता, १८८५ च्या सुमारास सुरू झालेला आणि १९८० मध्ये बंद पडलेला. कारखाना गेला, त्याने घडवलेलं लोखंड हुबळीच्या एका गाळ्यात अजून बूट शिवतं आहे.

इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला राहवेना. परतल्यावर जुनी पुस्तकं काढली. शिवणयंत्राचा इतिहास मोडतोडीपासूनच सुरू होतो. फ्रान्समध्ये बार्तेलमी तिमोनिए नावाच्या शिंप्याने १८३० मध्ये यंत्राचं पेटंट घेतलं आणि सैन्याचे गणवेश शिवायला ऐंशी यंत्रं लावली. आपली रोजी जाणार या भीतीने पॅरिसच्या शिंप्यांनी १८३१ मध्ये ती फोडून टाकली. पुढे अमेरिकेत १८४६ मध्ये एलियस हाव आणि १८५१ मध्ये आयझॅक सिंगर यांनी पेटंटं मिळवली. जर्मनीत कैझर्सलाउटर्न गावी वाद्यं बनवणाऱ्या गेओर्ग फाफ यांनी १८६२ मध्ये आपलं पहिलं यंत्र बनवलं, तेच मुळी जोड्यांचं कातडं शिवण्यासाठी. म्हणजे कातडं हा या यंत्राचा सावत्र मुलगा नव्हे. ते पहिल्यापासून घरातलंच.

आपल्याकडे या यंत्राला सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र कुणी दिलं असेल? यंत्रांच्या विरोधासाठी प्रसिद्ध असलेल्या गांधीजींनी. नोव्हेंबर १९२४ मध्ये 'यंग इंडिया'त त्यांची एक मुलाखत छापली गेली. सगळ्याच यंत्रांना तुमचा विरोध आहे का, या प्रश्नावर त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचा खास अपवाद केला. हाताने शिवताना बायकोला होणारे कष्ट पाहून सिंगरने ते बनवलं, त्यामागे प्रेम आहे, असा त्यांचा आशय होता. खरा सिंगर त्या गोष्टीतल्या प्रेमळ नवऱ्यासारखा मुळीच नव्हता, त्याचे अनेक संसार आणि वीसेक मुलं. पण गांधीजींचा मुद्दा त्याने खोटा ठरत नाही. यंत्र कुणाचे कष्ट कमी करतं आणि कुणाचा घास काढतं, एवढंच ते पाहत होते.

ही मुलाखत छापून आली आणि पुढच्याच महिन्यात बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजींच्या अध्यक्षतेखालचं ते एकमेव अधिवेशन. तिथल्या स्वयंसेवकांच्या मागे हुबळीचे डॉ. नारायण सुब्बाराव हर्डीकर आणि त्यांचं हिंदुस्थानी सेवा दल होतं. या भागात खादीची मुळं रुजली ती अशी. १९५७ च्या नोव्हेंबरात हुबळीत कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ स्थापन झाला. त्याचं बेंगेरी इथलं केंद्र २००४ च्या सुमारास राष्ट्रध्वज बनवू लागलं आणि भारतीय मानक ब्युरोने प्रमाणित केलेलं देशातलं एकमेव केंद्र म्हणून अनेक वर्षं ओळखलं गेलं.

यंत्राचा सौदा ठरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी बेंगेरीला जाऊन आलो. ओळीने मांडलेली शिवणयंत्रं आणि त्यांवर वाकलेल्या बहुतेक स्त्रियाच. कापड हाताने कातलेलं, हाताने विणलेलं. पण केशरी, पांढरा आणि हिरवा पट्टा एकमेकांना जोडला जातो तो यंत्राच्या सुईने. मला तिथे उभं असताना १९२४ चा तो अपवाद आठवला. सूत हाताचं, शिवण यंत्राची आणि पगार शिवणारीचा. हात आणि यंत्र यांच्यात कुठेतरी एक रेघ ओढलेली आहे आणि ती माणसांनी विचार करून ओढलेली आहे. मात्र डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहिता बदलली. यंत्रावर विणलेलं कापड आणि पॉलिस्टरही चालेल असं ठरलं आणि ती रेघ सरकली. सरकली की कुणाच्या तरी हातातलं काम कमी होतं, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

कातड्याच्या धंद्यात हीच रेघ उलट्या बाजूला आहे. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाल्याचं २०१९ मध्ये जाहीर झालं. ते फक्त कोल्हापूरचं नाही, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. म्हणजे आमच्या अण्णांचा धारवाडही आला. सीमाप्रश्नावर दोन राज्यांचं एकमत होत नाही, पण चपलेवर झालं! या चपलेची ओळखच अशी, की बाभळीची साल, हिरडा यांनी कमावलेलं कातडं घ्यायचं आणि ते कातड्याच्याच वादीने हाताने शिवायचं. खिळा नाही. पट्टा, कान, अंगठा, वेणी हे सगळं हाताचं. इथे यंत्राची शिवण घातली की ती चप्पल राहील, पण अस्सल कोल्हापुरी राहणार नाही.

माझं यंत्र घरी आलं त्याच्या पुढच्याच महिन्यात, जून २०२५ मध्ये, इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानमध्ये अगदी कोल्हापुरीसारख्या चपला मिरवल्या आणि आधी त्या कुठल्या हे सांगितलंच नाही. ओरड झाली, कंपनीने मूळ मान्य केलं आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. बरंच झालं. कचेरीत आमच्या चहाच्या टेबलावर आठवडाभर हाच विषय होता. "आपली कोल्हापुरी चोरली," असं सगळे तावातावाने म्हणत होते. मीही म्हणत होतो. 'आपली'! ती शिवणाऱ्याला आपण कधी आपला म्हटलं होतं?

याच कन्नड मुलखात १२ व्या शतकात हरळय्या नावाचे शरण होऊन गेले. जातीने चर्मकार. बसवण्णांबद्दलच्या भक्तीने पतिपत्नींनी आपल्या मांड्यांच्या कातड्याचे जोडे केले, अशी कथा आहे. ती कथा लोक डोळ्यांत पाणी आणून सांगतात. पुढचा भाग जरा कमी सांगतात. हरळय्यांच्या मुलाचं लग्न जन्माने ब्राह्मण असलेल्या मधुवरसांच्या मुलीशी झालं आणि त्यासाठी दोन्ही व्याह्यांना कल्याणच्या राजाने देहान्त दिला, असं परंपरा सांगते. जोडे चालतात, सोयरीक चालत नाही.

खुद्द गांधीजीही चपला शिवायला शिकले होते, दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर. स्वतः केलेला जोड त्यांनी १९१४ मध्ये जनरल स्मट्स यांना भेट दिला आणि स्मट्स यांनी तो जपून ठेवून १९३९ मध्ये त्यांना परत पाठवला. सुंदर गोष्ट आहे. पण बॅरिस्टर चप्पल शिवतो तेव्हा तो त्याचा मोठेपणा होतो, मी शिवतो तेव्हा हौस होते आणि अण्णा शिवतात तेव्हा ती त्यांची जात होते. काम तेच, आरी तीच, दोरा तोच. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये हेच दाखवून दिलं होतं, की जात नुसती कामं वाटत नाही, ती काम करणारी माणसंच कप्पे करून वेगळी ठेवते. ते वाक्य बी.ए.च्या परीक्षेत मी गुणांसाठी लिहिलं होतं. कळलं ते माझ्या ओसरीवर यंत्र आल्यावर.

असो. यंत्र आलं खरं, पण मला काही त्याचा ताण जुळेना. खाली दोऱ्याचं जाळं होई. दोन रविवार झगडून शेवटी अण्णांना बोलावलं. ते आले, पण ओसरीच्या पायरीपाशीच थांबले. मी "आत या" म्हटल्यावर, आणखी एकदा म्हटल्यावर, आले. यंत्राभोवती फिरले. तेलाचा थेंब बोटावर घेऊन पाहिला. सुई काढली, तिची खाच नीट वळवून पुन्हा बसवली. ती मी उलटी लावली होती. मग कातड्याचा एक तुकडा घालून सरळ रेघ मारली. गाठ बरोबर मधोमध. मी पाहतच राहिलो.

"अण्णा, तुम्ही का नाही घेतलीत अशी मशीन? तुमचं काम चौपट होईल."

ते हसले. "सायबा, तुला घाई नाही, तुझ्याकडे मशीन आहे. मला घाई आहे. पण रात्री मशीन ठेवू कुठे? पाऊस आला तर उचलू कशी?"

मी हात आणि यंत्र यावर इतकी पुस्तकं चाळली, पण ही साधी गोष्ट त्यांतल्या एकाही पानाने मला सुचवली नव्हती. यंत्राला विजेच्याही आधी छप्पर लागतं. चार बाय दोन फुटांचं मेज मांडायला आपली म्हणावी अशी जागा लागते. परवाना लागतो आणि तो मागायला कचेरीत यावं लागतं. तिथे माझ्यासारखा कुणीतरी बसलेला असतो आणि चार प्रश्न विचारल्यावर चांभारचौकशा नकोत म्हणून सांगतो. तिमोनिएची यंत्रं फोडणाऱ्या शिंप्यांना यंत्राची भीती वाटली, हे इतिहासात लिहिलं आहे. पण जगात अशीही माणसं आहेत, ज्यांना यंत्र नकोसं नाही. ते उभं करायला त्यांच्या पायाखाली जमीनच नाही. आणि मग आपण त्यांच्या हातकामाचं कौतुक 'परंपरा' म्हणून करतो.

बेंगेरीतली शिवण आणि कोल्हापुरीची वादी यांच्यातला फरक मला आता वेगळा दिसतो. हात चांगला की यंत्र चांगलं, हा वाद आपल्यासारख्या बसून बोलणाऱ्यांचा. शिवणाऱ्याला स्वतः निवडता येतं का आणि शिवणीचा पैसा त्याच्या घरी पोचतो का, हे दोन प्रश्न विचारले की बाकीचे आपोआप लहान होतात.

त्या जूनमध्ये शाळा उघडल्या तेव्हा अण्णांकडे दप्तरांचा ढीग साचला. तीन रविवार ते माझ्या ओसरीवर बसून पट्टे शिवत होते. मी शेजारी बसून दोरे कापत होतो आणि शिकत होतो. भाडं देऊ लागले ते मी घेतलं नाही, शिकवणीची फी त्यात वळती केली. यात माझा काही मोठेपणा नाही. यंत्र सोमवार ते शनिवार झाकून ठेवलेलंच असतं. अण्णांची जागा अजून रस्त्यावरच आहे. परवान्याचा अर्ज मात्र आम्ही दोघांनी बसून लिहिला. आयुष्यभर अर्ज तपासले, लिहायला किती कठीण असतो ते तेव्हा समजलं.

परवा काका कुंपणापाशी आले, हातात तुटलेल्या अंगठ्याची चप्पल. "अरे, एवढी मशीन आहे तुझ्याकडे, जरा मारून दे की टाका." मी म्हटलं, "काका, हे काम मशीनचं नाही, हाताचं आहे आणि माझ्या हाताचं तर मुळीच नाही. बसस्टँडवर अण्णा आहेत, त्यांच्याकडे जा. आणि हो, सांगतील तेवढे पैसे द्या, घासाघीस करू नका."

काका गेले. संध्याकाळी चप्पल घालून परत आले आणि म्हणाले, "माणूस बरा आहे रे. नाव काय त्याचं?"

पंचवीस वर्षं त्याच रस्त्यावरून काकांचं जाणं-येणं आहे. मीही त्यांना अण्णाच म्हणत आलो. खरं नाव मला कळलं ते अर्ज लिहिताना.